बाजाराचे ऋण

‘बाजाराविषयी कृतज्ञता कसली? दाम मोजले, माल घेतला, व्यवहार संपला,’ असे म्हणणारे गृहस्थ आपल्यात पुष्कळ आहेत. करारशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे चूक नाही. परंतु ज्याच्या कृतीला कोणी उंबरठ्यावर उभे करीत नाही, त्याला जो बाजार जागा देतो, त्याचे ऋण पावतीवर मावत नाही.

हैदराबादचे आबिड्स पाहा. सहाव्या निजामाच्या पदरी असलेल्या आल्बर्ट आबिड यांच्या दुकानावरून या भागाला नाव पडले; दुकानदारी त्याच्या नावातच आहे. तथापि रविवारी बंद दुकानांपुढच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या चळती लागतात आणि त्या दिवशी आबिड्स भाडे भरणाऱ्याचे न राहता चादर अंथरणाऱ्याचे होते. इंग्रजी विधिग्रंथाला उर्दू दिवाणाचा शेजार असतो. तुझा खप किती, असे कोणी कोणाला विचारीत नाही.

संगणकीय खेळ रचणाऱ्या स्वतंत्र कलावंतांस असाच पदपथ ‘इच.आयओ’ने दिला. लीफ कॉरकोरन यांनी २०१३ साली तो उभारला. विक्रीतील किती हिस्सा बाजाराला द्यावा, हे तेथे विकणाराच ठरवितो. सहसा शेकडा १०, आणि मनात आणल्यास शून्यही. याउलट ‘स्टीम’ ही बलाढ्य पेठ शेकडा ३० घेते. गिऱ्हाइकांची गर्दी तिच्याकडे आहे, हे मान्य. परंतु २०१८ च्या तिच्या नियमाने १ कोटी डॉलरांपुढील विक्रीवर २५ आणि ५ कोटींपुढे २० टक्केच आकारणी ठरली. ज्याचे पोट भरले त्याला सूट, उपाशी त्याला पूर्ण पट्टी! या न्यायाला व्यापार म्हणावे; औदार्य म्हणू नये. जून २०२० मध्ये वांशिक न्यायाच्या कार्यासाठी ‘इच’वर हजाराहून अधिक रचनाकारांनी आपल्या कृती एकत्र देऊ केल्या आणि ८० लाख डॉलरांवर निधी जमला. तो जमविणाऱ्यांत लहान रचनाकारांचाच भरणा होता.

यावर पहिला आक्षेप असा की, खेळ म्हणजे पोरखेळ, नाही तर जुगार. परंपरा ज्ञानदेवांच्या नावाशी जोडते त्या मोक्षपटाच्या शिड्यांनी आणि सापांनी पापपुण्य शिकविले, हे असे म्हणणारे विसरतात. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानेही पैशाचे खेळ वेगळे काढून त्यांवर बंदी घातली. सगळे खेळ एका दोरीत बांधले नाहीत.

दुसरा आक्षेप असा की, निवड नसल्याने तेथे कचरा साचतो. साचतो खरा, आबिड्सच्या चळतीतही साचतो. परंतु निवड वाचकाने करावी, द्वारपालाने नव्हे. द्वारपाल गिऱ्हाईक मोजतो. पाच लिप्यांत लिहिल्या जाणाऱ्या कोंकणीत कोणी खेळ रचला, तर त्याला तो काय उत्तर देईल, हे या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको.

मात्र कृतज्ञता म्हणजे आंधळी भक्ती नव्हे. जुलै २०२५ मध्ये पैसे वाहून नेणाऱ्या कंपन्यांच्या दडपणाखाली ‘इच’ने प्रौढांसाठीच्या हजारो कृती आपल्या शोधातून हटविल्या, आणि तेही पूर्वसूचनेवाचून. मोफत कृती पुढे हळूहळू परत येऊ लागल्या. परंतु दाराची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, ते सर्वांस कळून चुकले. अश्लील काय ते कायद्याने आणि न्यायासनाने ठरवावे. मनीऑर्डर आणणाऱ्या पोस्टमनने घरातील चित्रे पसंत नाहीत म्हणून पैसे परत न्यावेत, हा कोणता न्याय?

पदपथावरही हेच घडते. २०१९ साली न्यायालयीन आदेशानंतर दिल्लीच्या दर्यागंजचा रविवारचा ग्रंथबाजार आपल्या पदपथावरून उठला आणि त्याला महिला हाटच्या आवारात जागा शोधावी लागली. पदपथावरील व्यापार हा, वाजवी निर्बंधांच्या अधीन, घटनेतील व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सोदान सिंग खटल्यात १९८९ साली मान्य केले होते. २०१४ साली फेरीवाल्यांच्या संरक्षणाचा कायदाही झाला. हक्क अपुरा असेल. पण निदान त्याच्या नावाने दाद मागता येते. संगणकीय पदपथावर बसणाऱ्याला तेवढाही आधार नाही. त्याचे सारे भवितव्य एका चालकाच्या सद्भावनेवर आणि त्या चालकाचे पैसेवाल्यांच्या मर्जीवर!

म्हणून आमची मागणी सरळ आहे. पैसे वाहून नेणाऱ्याने कायदेशीर मालाला नकार देऊ नये, आणि देणारच असेल तर लेखी कारण, आगाऊ सूचना व दाद मागण्याची जागा द्यावी. भल्या माणसाने उघडलेले दार दुसऱ्याच्या धाकाने बंद होऊ शकते. कायद्याने उघडलेले दार बंद करणाऱ्याला निदान जाब द्यावा लागतो. ‘इच’चे ऋण मानावयाचे असेल, तर त्याने स्वेच्छेने दिले ते कायद्याने मिळेपर्यंत आपण स्वस्थ बसता कामा नये.