विश्लेषण : पर्यावरणपूरक वस्तू खरंच पैसे वाचवतात का? धाराशिव भागातली ‘ऊर्जा’ चूल काय सांगते?

सोलर वॉटर हीटर, सोलर कुकर आणि सोलर पॅनेल यांच्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे करापूर्वी २० हजारांचा असलेला हीटर आता १,४०० रुपयांनी स्वस्त पडतो. त्याच वर्षी राज्य सरकारने कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी छतावरच्या सोलरला जादा अनुदान देणारी ‘स्मार्ट’ योजना आणली. साहजिकच ‘हे बसवा, बिल शून्य करा’ अशा रील्सचा पाऊस पडतो आहे.

पण वस्तू पर्यावरणपूरक असली की पैसे आपोआप वाचतात का? धाराशिव भागाने हा प्रयोग आधीच करून पाहिला आहे.

‘ऊर्जा’ चूल काय होती?

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात पुनर्वसनाचं काम करताना ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था उभी राहिली. प्रेमा गोपालन या तिच्या संस्थापक. या संस्थेने गावोगावच्या बचत गटांतल्या महिलांना व्यवसायात आणलं.

२००६ च्या सुमारास बीपी या तेल कंपनीने बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने तयार झालेली ‘ऊर्जा’ चूल बाजारात आणली. लातूर, उस्मानाबाद, सोलापूर पट्ट्यात ती घरोघरी पोहोचवली याच महिलांनी. चुलीत बॅटरीवर चालणारा छोटा पंखा होता. इंधन म्हणून उसाचं चिपाड, भुईमुगाची टरफलं अशा शेतीतल्या टाकाऊ मालाच्या दाबून केलेल्या गोळ्या वापरायच्या. धूर कमी, आंच जोरदार आणि सुरुवातीला खर्च गॅसपेक्षा कमी. महाराष्ट्रासह वेगवेगळ्या राज्यांत मिळून अशा सुमारे ४ लाख चुली विकल्या गेल्या.

मग बिघडलं कुठे?

चूल चांगली होती, गणित बिघडलं ते गोळ्यांचं. चिपाड आणि टरफलांना कारखान्यांच्या बॉयलरमधूनही मागणी वाढली. कच्चा माल महागला, गोळ्याही महागल्या आणि त्या वेळेवर मिळेनाशा झाल्या. बीपीने २००९ मध्ये हा व्यवसाय दुसऱ्या कंपनीकडे सोपवला. पुढच्या काही वर्षांत बहुतेक घरांनी ही चूल वापरणं सोडून दिलं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ज्या घरात गॅस होता, तिथे या चुलीने सिलिंडर जास्त दिवस पुरायचा. पण ज्या घरात सरपण रानातून फुकट यायचं, तिथे गोळ्या हा नवा खर्च होता. धूर कमी झाला, पैसे वाचले नाहीत. एकच वस्तू दोन घरांत दोन वेगळे हिशोब दाखवते.

या महिलांनी मात्र काम थांबवलं नाही. सोलर दिवे, सुधारित चुली अशी उत्पादनं त्या विकत राहिल्या. हजाराहून अधिक महिला उद्योजकांच्या या कामाची संयुक्त राष्ट्रांनी २०१६ मध्ये ‘मोमेंटम फॉर चेंज’ पुरस्कार देऊन दखल घेतली.

आजच्या वस्तूंचा हिशोब कसा करायचा?

समजण्यासाठी विजेचं एक युनिट ७ रुपयांना धरू. तुमचा नेमका दर बिलावर बघा.

एलईडी बल्ब : ६० वॅटच्या जुन्या बल्बऐवजी ९ वॅटचा एलईडी रोज ५ तास लावला, तर महिन्याला साडेसात युनिट, म्हणजे ५० रुपयांच्या आसपास वाचतात. शंभर रुपयांचा बल्ब दोन महिन्यांत वसूल.

बीएलडीसी पंखा : जुना पंखा ७५ वॅट, हा साधारण ३० वॅट. रोज १२ तास चालला तर महिन्याला १६ युनिट, म्हणजे ११० रुपये वाचतात. वर्षातले आठ महिने वापरला आणि साध्या पंख्यापेक्षा दीड हजार जास्त मोजले असतील, तर ते दुसऱ्या वर्षात सुटतात. पण पंखा रोज ४ तासच चालत असेल, तर त्यालाच पाच वर्षं लागतात. म्हणून बैठकीतला नाही, ज्या खोलीत घर झोपतं तिथला पंखा आधी बदलावा.

महावितरणचा दर टप्प्यांनी वाढतो. त्यामुळे वाचलेलं युनिट सर्वांत महाग टप्प्यातून वजा होतं. १०० युनिटच्या वर जाणाऱ्या घराला त्याचा फायदा जास्त होतो.

छतावरच्या सोलरने बिल शून्य होतं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि त्यापुढे कमाल ७८ हजार रुपये अनुदान आहे. ‘स्मार्ट’ योजनेत १०० युनिटपेक्षा कमी वापर असलेल्या घरांना १ किलोवॅटसाठी राज्याची भर मिळते : दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला १७,५००, अनुसूचित जाती-जमातींना १५,००० आणि इतरांना १०,००० रुपये. खर्च ५० हजार धरला, तर स्वतःच्या खिशातून अनुक्रमे २,५००, ५,००० आणि १०,००० रुपये जातात. महिन्याला ६० युनिट वापरणाऱ्या घराचे १० हजारही साधारण दोन वर्षांत सुटू शकतात.

मात्र रील्समध्ये न सांगितलेल्या दोन गोष्टी आहेत. बिलातला स्थिर आकार सोलर बसवल्यावरही भरावा लागतो. आणि बॅटरी नसलेलं सोलर लाइट गेली की बंद पडतं, भर उन्हातही. भारनियमनावरचा उपाय म्हणून ते घेत असाल तर निराशा होईल.

घेण्याआधी काय विचारायचं?

ही वस्तू आत्ता नेमका कोणता खर्च कमी करणार? तिला लागणारं इंधन, रिफिल किंवा बॅटरी कुठे आणि किती रुपयांना मिळते? बिघडली तर तालुक्याच्या गावी दुरुस्त करणारा कोणी आहे का?

भूम-परंड्यापासून उमरग्यापर्यंत, जिथे दुरुस्तीसाठी एसटीने अर्धा दिवस मोडतो, तिथे तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ‘ऊर्जा’ चूल पहिल्या प्रश्नात पास झाली होती. तिची परीक्षा दुसऱ्या प्रश्नात गेली.