शांपूवांचून डोकें स्वच्छ होत नाहीं काय?

गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील एक मुलगी तीन दिवस शाळेंत आली नाहीं. चौकशी करितां कळलें कीं, तिच्या वेणीस शिकेकाईचा वास येतो म्हणून कांहीं मुली हंसल्या होत्या. आणि शांपूची पुडी मिळाल्यावांचून शाळेंत जावयाचें नाहीं असा हट्ट तिनें आईपाशीं धरिला होता. गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते. परंतु एका मुलीचें शिक्षण जिच्यामुळें अडतें, ती गोष्ट क्षुल्लक कशी म्हणावी?

प्रथम शब्दाचीच कुळकथा पाहूं. ‘शांपू’ हा शब्द मूळचा विलायती नव्हे. अंग चेपणें, चंपी करणें ह्या अर्थाच्या आपल्या हिंदुस्थानी शब्दापासून तो निघाला. पाटणा येथें १७५९ सालीं जन्मलेल्या शेख दीन महंमद ह्यांनीं इंग्लंडांतील ब्रायटन गांवीं चंपीचें स्नानगृह चालविलें, व चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम ह्या राजांकडे त्यांची नेमणूक झाली. पुढें त्या शब्दास डोकें धुण्याचा अर्थ आला, आणि आमचाच शब्द बाटलींत भरून आम्हांस विकावयास परत आला!

आतां शास्त्र काय सांगतें? डोक्याच्या त्वचेंतून तेल स्रवतें व त्यास धूळ चिकटते. नुसत्या पाण्यानें तें तेल नीट निघत नाहीं. तेल व पाणी ह्यांची सांगड घालणारा पदार्थ लागतो. शांपूंत तो कारखान्यांत केलेला असतो. शिकेकाईंत व रिठ्यांत ‘सॅपोनिन’ ह्या रूपानें तो निसर्गानेंच घातला आहे. काम एकच, भेद फेसाचा व सुगंधाचा. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे.

शांपूच्या बाजूनेंही न्यायानें बोललें पाहिजे. आपल्या जिल्ह्यांतील काळ्या खडकाच्या जमिनींत विहिरींचें व बोअरचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. अशा पाण्यांत अंगाचा साबण केसांस लाविला तर चिकट थर बसतो व केस राठ होतात. शांपूनें तसें होत नाहीं. शिकेकाई डोळ्यांत गेल्यास झोंबते, व तिचा चोथा धुऊन काढण्यास पाणीही अधिक लागतें. कोंडा फार झाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानें औषधी शांपू अवश्य घ्यावा. उवांस मात्र साधा शांपू पुरत नाहीं. तेथें बारीक दातांची फणी, आईचा धीर व लागल्यास औषधच पाहिजे.

सारांश, स्वच्छ डोकें आवश्यक आहे. शांपू हें त्याचें एक साधन आहे, एकमेव नव्हे. आठवड्यांतून एकदोनदां, घरीं जें असेल त्यानें, डोकें धुतल्यास बहुतेकांस पुरे. पालकांनीं पुडीपायीं पोराबाळांच्या दुधास किंवा वहीस कात्री लावूं नये. ज्यांस परवडतो त्यांनीं तो सुखानें वापरावा.

विद्यार्थिमित्रहो, ती मुलगी चौथ्या दिवशीं वर्गांत आली, वेणीस तोच शिकेकाईचा वास घेऊन. तिचें डोकें स्वच्छच होतें. हंसणाऱ्यांच्या डोक्यांतला मळ मात्र आम्हांस त्या तासाला धुवावा लागला. आणि त्या मळावर शांपू चालत नाहीं, शिकेकाईही नाहीं.