सावलीचा रंग कोणता?

दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि काठावर एक झोपडी. शाळेत हे चित्र न काढलेला मराठी माणूस दाखवा आणि माझ्याकडून एक कॉफी घ्या! डोंगर चॉकलेटी, झाड हिरवं, आकाश निळं, सावली काळी. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेले थोडे पुढे गेले. बाकीच्यांचं रंगांचं शिक्षण तिथंच आटोपलं. आता आपण रंग निवडतो ते फक्त प्रेझेंटेशनच्या स्लाइडसाठी.

म्हणूनच पुण्याच्या मिलिंद मुळीक यांची जलरंगातली निसर्गचित्रं पहिल्यांदा बघितली की गडबडायला होतं. सावल्या जांभळ्या-निळ्या, झाडात हिरव्याच्या जोडीला केशरी, आणि ऊन म्हणजे चक्क कोरा सोडलेला कागद! पान न् पान रंगवायच्या भानगडीत ते पडत नाहीत. ब्रशचे चार सुटे फटकारे, आणि बघणाऱ्याचा डोळा उरलेलं झाड पूर्ण करतो. मुळीक शिक्षणानं इंजिनीअर. वडील प्रताप मुळीक हे 'अमर चित्र कथा'चे नावाजलेले चित्रकार, त्यामुळे रंगांशी ओळख घरातच झालेली. 'ज्योत्स्ना प्रकाशन'नं काढलेल्या त्यांच्या पुस्तकांनी कितीतरी आयटीवाल्यांना रविवारी सकाळी ब्रश हातात घ्यायला लावलाय. मीही त्यातलीच.

पण जांभळी सावली ही काही चित्रकाराची लहर नाही. उन्हाचा थेट उजेड अडला, तरी आकाशाचा निळसर उजेड सावलीत पोचतोच. शेजारी पिवळं ऊन असेल तर डोळ्याला ती सावली आणखी निळी-जांभळी भासते. आपण बघत नाही, कारण 'सावली काळी' हे आपल्याला आधीच पाठ असतं.

याची टेस्ट घ्यायला मी फेब्रुवारीत रंगपेटी घेऊन आत्याकडे गेले. पाथर्डीला. नगरपासून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरपासून, साधारण ५० किलोमीटर. करंजी घाट ओलांडला की आलंच. लोकांना पाथर्डी माहीत असते ती मढीच्या कानिफनाथांमुळे, मोहट्याच्या देवीमुळे, नाहीतर दुष्काळाच्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांच्या बातम्यांमुळे. बातम्यांमधल्या फोटोत या भागाचा रंग एकच, मातकट. 'तिथं काय रंगवणार?' हा प्रश्न मला निघण्याआधी तिघांनी विचारला.

ज्वारी काढून झालेली. बांधाजवळ कडब्याची गंजी, मागं एक लिंब. फ्रान्समध्ये क्लोद मोने या चित्रकारानं १८९०-९१मध्ये धान्याच्या गंज्यांची साधारण २५ चित्रं केली होती, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उजेडात. गंजी तीच, रंग दर वेळी निराळे. आमची गंजी काय कमी होती? चार वाजता सोनेरी, साडेपाचला विटकरी, आणि सूर्य टेकला तेव्हा गुलाबी.

बाहेर बसून रंगवण्यातली गंमत आणि वैताग दोन्ही इथंच आहे. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दोन तासांत सावली भलतीकडे गेलेली असते. त्यात कोरडं वारं, म्हणजे कागदावरचा रंग पसरायच्या आत वाळतो. कुरकुर करायला वेळच नाही. डोळे बारीक करायचे, मोठे आकार पकडायचे, उजेड-मध्यम-गडद असे तीन भाग ठरवायचे आणि सुटायचं!

आत्या चहा घेऊन आली आणि कागदाकडं बघत राहिली.

"अगं, सावली कुठं जांभळी असती व्हय?"

"डोळे बारीक करून बघ की, आत्या."

तिनं बघितलं. बराच वेळ. मग म्हणाली, "जांभळी नाय. वांग्यावानी हाये."

बॉस, यापेक्षा नेमका रंग कुठल्याच ट्यूबवर लिहिलेला नाही! मी कागदावर जरा लाल वाढवला.

एक सांगायचं राहिलं. हे रान आता विकायचं ठरलंय. दोन्ही भाऊ शहरात, आत्याचे गुडघे गेलेले, विहीर मार्चातच तळ दाखवते. निर्णयात चूक कुणाचीच नाही. व्यवहार होईल तेव्हा सातबाऱ्यावर गटनंबर असेल, क्षेत्र असेल, नवं नाव असेल. चार वाजता लिंबाची सावली बांधावर कुठल्या रंगाची पडते, याचा रकाना तिथं नसतो. माझ्या मोबाइलमध्ये या रानाचे शंभरेक फोटो आहेत, पण त्यातल्या एकाहीसाठी मी किंवा आत्या तासभर त्या सावलीकडं बघत बसलो नव्हतो.

चित्र म्हणून ते बेताचंच आहे. गंजी थोडी इडलीसारखी झालीये. तरी आत्यानं ते ठेवून घेतलं, देवघराशेजारी, आजोबांच्या फोटोखाली.

तर पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा बॅगेत एक छोटी रंगपेटी, एक गोल ब्रश आणि पोस्टकार्डाएवढे जाड कागद टाका. पाणी कुणीही देतं. काळा रंग मात्र घरीच ठेवा. आणि सावलीचा रंग काय म्हणायचा, ते शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.