गोगलगायीला सातबारा कळत नाही

पंचनामा करायला येणाऱ्या तलाठ्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो येतो तोवर आमची दुबार पेरणी उरकलेली असते. शंखी गोगलगाय रात्रीत काम फत्ते करते. सोयाबीन जमिनीतून नुकतंच डोकं काढत असतं. त्याची दोन जाड दलं आणि कोवळा शेंडा, एवढंच तिला हवं असतं. सकाळी बघावं तर तासात नुसते खुंट, आणि ढेकळांवरून गेलेली चकचकीत चिकट रेघ. २०२२च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हेच झालं. सरकारने मदत दिली. त्या पैशात बियाणं येतं, हातचा गेलेला वाफसा येत नाही.

ही मुठीएवढ्या शंखाची बया आपल्याकडची नाही. मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या साहेबाने ती मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या एका बागेत सोडली. गंमत म्हणजे साहेब शंखशिंपल्यांचाच अभ्यासक होता! आता ती रोपवाटिकेच्या पिशवीतून, कुंडीतल्या मातीतून फुकट प्रवास करते. नर-मादी एकाच अंगात, एका वेळी शंभर-दोनशे अंडी, आणि वर्षातून अनेकदा. उन्हाळाभर शंखाचं तोंड बंद करून बांधाच्या दगडाखाली पडून राहते आणि मृगाचा पाऊस पडला की निघते.

उपाय सगळ्यांना पाठ आहेत. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधाकडेने टाकायची, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचायच्या, मिठाच्या पाण्यात मारून खोल पुरायच्या. उघड्या हाताने धरू नये, तिच्या अंगात माणसाच्या मेंदूपर्यंत जाणारे जंत असू शकतात. चुन्याचा पट्टा ओढतात, पण एका सरीत तो वाहून जातो. दुकानदार मेटाल्डिहाइडच्या गोळ्या पुढे करतो. त्या लागू पडतात. मात्र त्याच गोळ्या कुत्र्याने, कोंबडीने खाल्ल्या तर तीही जातात. त्यामुळे मी आधी वेचणी, मग गोळ्या, या मताची आहे.

पण माझ्या पाच एकरांत मी कितीही वेचल्या तरी काय? पलीकडे भावकीतली जमीन पडीक आहे, मालक पुण्याला. त्याखाली ओढा, ओढ्यापलीकडे गायरान. गोगलगाय दिवसा तिथे राहते, जेवायला माझ्याकडे येते.

कोणी सुचवतं, तिचा शत्रू आणून सोडा. हवाई बेटांवर १९५५मध्ये तेच केलं. गोगलगायी खाणारी दुसरी परदेशी गोगलगाय सोडली. तिने तिथल्या झाडांवरच्या, जगात इतरत्र कुठेही नसलेल्या इवल्या गोगलगायींचा फडशा पाडला आणि ही मोठी मात्र तिथे अजून आहेच. आगीतून फुफाट्यात.

फ्लोरिडात मात्र जमलं. १९६६मध्ये एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी आणल्या, आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत अठरा हजारांवर सापडल्या. दारोदार शोध घेऊन १९७५पर्यंत त्या निपटल्या. खर्च दहा लाख डॉलर. २०११मध्ये पुन्हा निघाल्या, तेव्हा हुंगून शोधणारी कुत्री लावली, आणि २०२१मध्ये पुन्हा मुक्ती जाहीर झाली. आपल्याकडे ती इतकी पसरलीय की समूळ जाणार नाही, हे मला कळतं. पण तिथे कोणाचं अंगण कोणाचं, हे न बघता सगळं शिवार पालथं घातलं, ते तरी उचलावं.

म्हणून मागणी साधी आहे. पहिल्या पावसापासून रोप राठ होईपर्यंत ग्रामपंचायतीने रोजगार हमीतून वेचणी लावावी: गायरान, ओढा, पडीक रान धरून. वेचलेली गोगलगाय किलोवर विकत घ्यावी; आमच्याकडच्या बाया पहाटे रांग लावतील. कृषी खात्याने प्रात्यक्षिकं मे महिन्यात घ्यावीत, जुलैत नाही. भरपाईवर होणाऱ्या खर्चातला थोडा वाटा आधी इकडे वळवावा.

आणि गावी जमीन टाकून शहरात राहणाऱ्या भावकीला एक विनंती. येत्या मेमध्ये दोन दिवस या, बांधावरची झुडपं काढा, दगडांचे ढीग हलवा. ते जमणार नसेल, तर निदान आम्हाला तुमच्या रानात शिरून वेचायची परवानगी फोनवर तरी कळवा.