अंगठा आणि संमती

“डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसे!” हे वाक्य आपल्या पांढरपेशा घरांत आरतीइतके पाठ असते. मीही ते पुष्कळदा म्हटले आहे. ते मुरबाडकडच्या एका बाईने माझ्याकडून काढून घेतले.

पावसाळ्यात विद्यार्थ्यांचे शिबिर घेऊन मी शहापूर-मुरबाडच्या बाजूला गेलो होतो. शेजारच्या घरातल्या बाईंना दवाखान्यात पोहोचवायचे काम माझ्याकडे आले. अंगावरून फार जात होते. एका खाजगी डॉक्टरने “पिशवी काढा” एवढेच सांगून कागद पुढे केला होता. अंगठा तेवढा उठवायचा राहिला होता.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासले. गाठ लहान होती. बाईंनी विचारले, “पिशवी काढली तर आवणीला वाकता येल का?”

मला हसू आले. डॉक्टरीणबाईंना आले नाही. त्यांनी लेखणी खाली ठेवली. “मावशी, लगेच नाही वाकता येणार.” मग त्यांनी तिन्ही वाटा सांगितल्या : गोळ्या घेऊन काही महिने पाहणे, शस्त्रक्रिया, किंवा काहीच न करणे. प्रत्येकीत लाभ काय, धोका काय, तेही सांगितले.

“मग आधी गोळ्या. भात घरात आलं का बघू.”

“चालेल. पण रक्त जास्त गेलं तर त्याच दिवशी यायचं.”

गाठ डॉक्टरला ठाऊक होती, आवणी बाईंना. दोन्ही एकत्र आल्यावर निर्णय झाला. ‘संमती’ या शब्दातला ‘सम्’ मी वर्गात अनेकदा फोडून दाखवला आहे. त्याचा अर्थ मला त्या बाकावर कळला.

कायदाही हेच सांगतो. एका स्त्रीने केवळ तपासणीला संमती दिली असता ती भुलीत असताना तिचे गर्भाशय काढण्यात आले. समीरा कोहली यांच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले की उपचार, त्याचे पर्याय, धोके आणि नकाराचे परिणाम कळल्यावाचून दिलेली संमती ही संमतीच नव्हे. ठाण्यासह पाच जिल्ह्यांत २००७ साली आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हापासून जनसुनवाईत गावकरी उभे राहून प्रश्न विचारू लागले.

परवा माझ्याच एका शस्त्रक्रियेचा कागद समोर आला. सवयीने खिशातले पेन काढले. न वाचता केलेली एम. ए. झालेल्याची सही आणि अंगठा यांत फरक तो काय? पेन खिशात ठेवले आणि विचारले, “डॉक्टर, दुसरी वाट आहे का?”

त्यांनी खुर्ची पुढे ओढली.