उरलेल्या चोपन्न जोड्या

मराठीत लोकविज्ञानाच्या, म्हणजे विषयाचे औपचारिक शिक्षण न घेतलेल्या वाचकासाठी लिहिलेल्या विज्ञानविषयक पुस्तकांची विभागणी बहुधा वाचकाच्या वयानुसार केली जाते आणि ग्रंथालयातही ती पुस्तके त्याच हिशेबाने बालविभागात किंवा मोठ्यांच्या कपाटात जातात. कथा-कादंबरीच्या बाबतीत या विभागणीला काही अर्थ असेलही. गणिताच्या बाबतीत मात्र ती फसवी आहे, कारण गणिताचे पुस्तक अवघड ठरते ते वाचकाच्या वयामुळे नव्हे, तर त्याने आधी काय जाणलेले असावे असे लेखक गृहीत धरतो यामुळे. याहून महत्त्वाचा आणि क्वचितच विचारला जाणारा प्रश्न असा की, ते पुस्तक वाचकाच्या हाताला कोणते काम देते. या दुसऱ्या कसोटीवर मराठीतील बरेच लोकविज्ञान उणे पडते, आणि त्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातल्याच एका संख्येच्या वाट्याला आलेल्या प्रसिद्धीत सापडते.

डहाणू येथे 1905 साली जन्मलेले आणि नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक म्हणून आयुष्य काढलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्याकडे गणितातील पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठातले पद नव्हते, आणि आपल्या संशोधनाच्या पुस्तिका ते बहुतांशी स्वतःच छापून घेत. सारे अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मिळणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने मिळणारी संख्या वजा करावी, आलेल्या वजाबाकीवर तीच क्रिया पुन्हा करावी, आणि असे करत गेल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येते, हे त्यांनी 1949 साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडले. कापरेकरांचे जन्मवर्ष 1905 घेतले तर 9351, 8172, 7443, 3996, 6264, 4176 आणि 6174 असा पुरता सात पायऱ्यांचा प्रवास घडतो. मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात मार्च 1975 मध्ये कापरेकरांविषयी लिहिले आणि देवळालीच्या शिक्षकाचे नाव जगभर पोचले; तोवर भारतातल्या कित्येक गणितज्ञांनी या कामाकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहिले होते, याची नोंद घ्यायला हवी.

आज 6174 ची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, परंतु ती बहुधा ‘जादूची संख्या’ या शब्दांपाशी येऊन थांबते, आणि खरे गणित नेमके तेथून पुढे असते. संख्येचे चार अंक उतरत्या क्रमाने लावले असता पहिल्या व चौथ्या अंकांतील फरकाला 999 ने आणि दुसऱ्या व तिसऱ्या अंकांतील फरकाला 90 ने गुणून बेरीज केली की, कापरेकरांच्या क्रियेतली वजाबाकी थेट मिळते. 1905 साठी हे फरक 9 आणि 4 असल्याने 8991 आणि 360 यांची बेरीज 9351 येते. याचा अर्थ असा की, वजाबाकी मूळ संख्येवर अवलंबून नसून केवळ दोन फरकांवर अवलंबून असते. पहिला फरक 1 ते 9 पैकी काहीही असू शकतो आणि दुसरा फरक पहिल्याहून मोठा असू शकत नाही. म्हणून अशा जोड्या 2 + 3 + 4 असे करत 10 पर्यंतच्या बेरजेइतक्या, म्हणजे 54 भरतात. सुरुवातीच्या 8991 संख्यांचा पसारा पहिल्याच पायरीला 54 उत्तरांवर येतो, आणि चोपन्न उत्तरे तपासणे हे आठवीतल्या मुलीला किंवा सेवानिवृत्त कारकुनाला एका दुपारी पाटीवर जमणारे काम आहे. ते काम पुरे झाले की जादू उरत नाही, सिद्धता उरते. सिद्धता म्हणजे सर्व शक्यता झाकून टाकणारा, अपवादाला जागा न ठेवणारा युक्तिवाद. जे पुस्तक 6174 सांगते पण 54 सांगत नाही, ते वाचकाला थक्क करून घरी पाठवते. दोन अंकी संख्यांवर हीच क्रिया केली असता कोणतीही एक संख्या स्थिर राहत नाही, तर 63, 27, 45, 09, 81 आणि पुन्हा 63 असे चक्र फिरत राहते. हा भाग तर लोकप्रिय कथनांत फारसा येतच नाही, जणू फसलेल्या जादूविषयी बोलू नये.

‘गमतीजमती’ आणि ‘मनोरंजक’ ही विशेषणे गणिताच्या पुस्तकांच्या नावांत जितक्या सहजतेने येतात, तितकी ती इतिहासाच्या पुस्तकांच्या नावांत येत नाहीत, हेही सूचक आहे. भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या ‘लीलावती’त भुंग्यांचा थवा आणि मोर-सापाची गाठ आहे खरी, पण तेथे मोर हा कडू औषधावरचा गूळ नसून काटकोन त्रिकोणाची एक बाजू आहे.

मराठी वाचकाच्या जिभेवरच असलेले गणितही दुर्लक्षित राहते. ‘त्रेपन्न’ म्हणताना एकक आधी उच्चारले जाते आणि लिहिताना दशक आधी येते; ‘एकोणसाठ’ या शब्दात तर साठातून एक वजा करण्याची क्रियाच दडलेली आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 2019 साली परंपरागत नावांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत देण्यात आली, तेव्हा त्या विषयाच्या समितीच्या अध्यक्ष, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण हेच तिचे कारण सांगितले. त्यावर झालेला वाद मात्र भाषेच्या अस्मितेचा आणि विनोदांचा झाला. इतर भाषा आकडे कशा मोजतात, याची चर्चा त्या निमित्ताने घरोघरी होऊ शकली असती, आणि ती संधी वाया गेली.

वर्धा जिल्ह्यात पुलगावला लागून असलेल्या, देवळी तालुक्यातील नाचणगावासारख्या गावात, वाचकाच्या हाताला काम देणाऱ्या गणिताच्या पुस्तकाची सुरुवात शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेतून ‘नई तालीम’ ही हस्तोद्योगाच्या आधाराने सर्व विषय शिकवण्याची योजना पुढे आली आणि तिच्या शाळांत टकळीवरचे सूत हेच अंकगणिताचे साधन झाले. (कापरेकरांची क्रिया 1937 वर केली तर अवघ्या दोन पायऱ्यांत 6174 येते, योगायोगाला अर्थ नसतो, परंतु त्याने कुतूहल जागे होते.) एक तार म्हणजे चार फूट सूत, 160 तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे 640 तारांची, एक गुंडी, असे या सुताचे कोष्टक होते. सुताचा अंक, म्हणजे त्याच्या बारीकपणाचे माप, मात्र गिरण्यांत 840 यार्डांच्या गुंडीवर ठरत असे, आणि एका पौंडात अशा जितक्या गुंड्या बसतील तितका त्या सुताचा अंक. कापसाच्या या पट्ट्यातल्या वाचकासाठी लिहिलेल्या गणिताच्या पुस्तकाचे पहिले प्रकरण या दोन गुंड्यांपासून सुरू होऊ शकते: 640 तारांचे यार्ड 853 आणि वर एक तृतीयांश भरतात, गिरणीचे 840, तेव्हा दोन्ही जागी सुताचा अंक सारखाच मानला तर कोणाच्या हिशेबात किती चूक राहते, हा त्या प्रकरणाच्या अखेरीस, मागील पानावर उत्तर न छापता, विचारण्याजोगा प्रश्न आहे.