इंजिनास हवा : पट्ट्यानें कीं धुरानें?

अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत आडवाटेनें डोंगर चढण्याची हौस फार. ट्रकाचा जोर वाढावा म्हणून हौशी लोक त्याच्या इंजिनास सुपरचार्जर किंवा टर्बोचार्जर बसवितात. दोहोंचें काम एकच : इंजिनांत हवा कोंबणें, म्हणजे पेट्रोलही अधिक जाळतां येतें. सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यानें फिरतो; टर्बो, वायां जाणाऱ्या ऊन धुरानें.

वाचक म्हणतील, मग फुकटचें तेंच बरें! पण खडकावर चाक इंच इंच चढवितांना इंजिन मंद चालतें, धूर थोडा असतो. टर्बो जागा होण्यास क्षणभर लागतो, आणि मग जोर एकदम येऊन चाक घसरतें. सुपरचार्जर इंजिनाची कांहीं शक्ति खातो खरा, परंतु पाय दाबावा तितकाच जोर तत्काळ देतो.

उंचीवर मात्र गोष्ट पालटते. १९१८ सालीं सॅनफर्ड मॉस या इंजिनीयरानें ३५० अश्वशक्तीचें लिबर्टी विमान-इंजिन ट्रकावर लादून याच संस्थानांतील पाइक्स पीक शिखरावर, १४,००० फुटांवर नेलें. विरळ हवेंत शक्ति उरली २३०. टर्बो जोडतांच ती ३५६ झाली!

सबब आमच्या मतें, उंच घाटांत हिंडणाऱ्यानें टर्बो घ्यावा, खडकांत रांगणाऱ्यानें सुपरचार्जर. मात्र दाबलेली हवा तापते. ती निवविण्याची सोय व उत्तम पेट्रोल नसेल, तर मिश्रण अवेळीं पेटून पिस्टन फुटतात. तेवढा खर्च झेपत नसेल त्यानें केवळ गिअर बदलावे. मंद चालींतला जोर त्यानेंही वाढतो, आणि इंजिन शाबूत राहतें.